संगणकावर उज्जैनचा मध्याह्न

सत्रपरीक्षा आटोपल्यावर २०२५ च्या ऑक्टोबरात मी उज्जैनला मावशीकडे गेलो, तो फराळ खावा, शिप्रेच्या घाटावर फिरावे आणि महाकालाचे दर्शन घ्यावे एवढ्याच हेतूने. संगणकाच्या पोटात हात घालण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. परंतु दुसऱ्याच दिवशी मावशीने माळ्यावर टाकण्यासाठी बांधून ठेवलेली एक पिशवी माझ्यापुढे ठेवली व म्हणाली, "हा नानांचा लॅपटॉप. दुकानदार म्हणतो, भंगारात काढा. नाना काढू देत नाहीत. तूच त्यांना समजावून सांग."

नाना म्हणजे मावशीचे सासरे. शाळेत विज्ञान शिकवीत असत. आता वय ऐंशीच्या पुढे. शिंदेशाहीच्या काळापासून माळव्यात स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांपैकी त्यांचे एक घर. बोलणे मराठी, पण "आज धूप छान निघाली आहे" अशा थाटाचे. त्यांनी लॅपटॉप भंगारात का काढू दिला नाही, ते मला अंगणात गेल्यावर कळले. अंगणातल्या फरशीत एक लोखंडी सळई उभी रोवलेली आहे आणि तिच्या पायथ्यापासून उत्तरेकडे एक सरळ रेघ कोरलेली आहे. सळईची सावली ह्या रेघेवर आली की तो तेथील मध्याह्न. नाना दररोज ती वेळ घड्याळात पाहून टिपतात. आधी वह्यांत टिपीत. २०१३ साली मुलाने हा लॅपटॉप आणून दिल्यापासून त्यात. बारा वर्षांच्या नोंदी त्या यंत्रात होत्या.

यंत्र तसे मोडलेले नव्हते. ज्या कंपनीची कार्यप्रणाली त्यात होती तिने जुन्या आवृत्तीची देखभाल थांबविली होती आणि नवी आवृत्ती ह्या यंत्रावर चढत नव्हती, इतकेच. कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला आपण सर्रास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती, यंत्र आणि आपण ह्यांच्यामधला कारभारी होय. पडद्यावर अक्षर उमटविणे, फाईल तबकडीवर नेऊन ठेवणे, कोणत्या प्रोग्रॅमला किती स्मृती द्यायची हे ठरविणे, सगळे तोच करतो. कारभारी निवृत्त झाला म्हणून वाडा पाडावा काय? मी नानांना म्हटले, "दुसरा कारभारी बसवून पाहू."

हा दुसरा कारभारी म्हणजे लिनक्स. त्याचा इतिहास आपल्यापैकी काहींस ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी अशी घोषणा केली की, कोणालाही वाचता, बदलता व दुसऱ्यास देता येईल अशी एक संपूर्ण कार्यप्रणाली आपण लिहिणार. तिचे नाव त्यांनी ग्नू ठेविले. पुष्कळसे भाग तयार झाले. पण सर्वांत आतला गाभा रखडला. तो गाभा १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला आणि पुढल्या वर्षी त्याच मुक्त परवान्याखाली खुला केला. तो विद्यार्थी म्हणजे लिनस टोरवाल्ड्स. तेव्हापासून ह्या गाभ्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळ्या तऱ्हेने सजविलेल्या शेकडो प्रणाली निघाल्या. आपल्याकडे सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने काढलेली 'बॉस' ही त्यांतलीच एक.

ह्यांपैकी बहुतेक प्रणाली खानावळीच्या ताटासारख्या असतात. बसले की वाढून येते. मी मात्र हट्टाने 'आर्च' नावाची प्रणाली घेतली. कॅनडातील जड व्हिनेट ह्यांनी ती २००२ साली सुरू केली. तिच्यात ताट नसते, शिधा मिळतो. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले की समोर काळा पडदा आणि लुकलुकणारी एक खूण, बस्स. चित्रे नाहीत, बटणे नाहीत, 'पुढे जा' असे म्हणणारे कोणी नाही. तबकडीचे भाग आपण पाडायचे, त्यांवर फाईल ठेवण्याची व्यवस्था आपण आखायची, गाभा आपण आणून ठेवायचा, आणि पडद्यावर खिडक्या दिसाव्यात अशी इच्छा असेल तर त्यांचीही तजवीज आपणच करायची. हे सर्व आपोआप करून देणारी एक सोयही त्यात आहे. पण ती वापरायची तर मग खानावळ काय वाईट होती, असा माझा त्या वेळचा ताठा होता.

ह्या ताठ्याचे फळ मला लगेच मिळाले.

नानांच्या नोंदींचे फोल्डर मी आदल्या रात्री एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते. लिनक्समध्ये प्रत्येक तबकडीला व पेनड्राइव्हला 'एसडीए', 'एसडीबी', 'एसडीसी' अशी नावे मिळतात. रात्री मी कागदावर लिहून ठेविले की, 'एसडीए' ही आतली तबकडी. सकाळी दोन्ही पेनड्राइव्ह खोचून यंत्र पुन्हा सुरू केले आणि कागदावरचे नाव पाहून ते पुसण्याची आज्ञा दिली. यंत्राने विचारले सुद्धा: येथे आधीच काही साठविलेले आहे, तरी पुढे जाऊ का? मी ऐटीत 'होय' म्हटले. काम दोन क्षणांत संपले. पाचशे जीबीच्या तबकडीला इतका कमी वेळ कसा लागला म्हणून मी यादी पुन्हा काढून पाहिली, तर पुसली गेली होती ती पंधरा जीबीची वस्तू. ही नावे कायमची नसतात. ज्या क्रमाने यंत्राला वस्तू सापडतात त्या क्रमाने ती दिली जातात, आणि त्या सकाळी क्रम बदलला होता. नानांच्या नोंदींची प्रत मी स्वतःच्या हाताने पुसली होती.

मूळ नोंदी अजून आतल्या तबकडीवर होत्या, म्हणजे जिला मी पुढल्या पाच मिनिटांत पुसणार होतो तिच्यावर. योग्य नाव लिहिले असते तर नोंदी पेनड्राइव्हवर सुरक्षित असत्या. अयोग्य लिहिल्यामुळे त्या तबकडीवर सुरक्षित राहिल्या. दोन्ही पुसल्या गेल्या नाहीत हे माझे शहाणपण नव्हे. नाना शेजारीच आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांना मी ते त्या दिवशी सांगितले नाही. मुकाट्याने तबकडी केवळ वाचण्यापुरती उघडली, नोंदी पुन्हा पेनड्राइव्हवर घेतल्या, शिवाय मावशीच्या संगणकावरही ठेविल्या, आणि तेव्हापासून नावाऐवजी आकारमान पाहून तबकडी ओळखण्याची सवय लावून घेतली.

पुढची चूक विनोदी होती. सगळे मांडून झाल्यावर यंत्र नव्या प्रणालीवर सुरू झाले. पण इंटरनेटला जोडावे तर जोडणारा प्रोग्रॅमच मी मागविला नव्हता, आणि तो मागवायचा तर इंटरनेट हवे. विहिरीत पडलेला दोर काढायला दोरच हवा, तसली गत. शेवटी पेनड्राइव्हवरून यंत्र पुन्हा चालू करून, बाहेरून आतल्या प्रणालीत शिरून, तो बसवावा लागला. जाणत्यांच्या मते ही चूक प्रत्येक नवखा एकदा करतोच.

भाषांची निवड करताना मात्र मजा वाटली. त्यासाठी एक साधी मजकुराची फाईल असते. तीत जगातल्या कित्येक भाषांची नावे ओळीने लिहिलेली असून प्रत्येकीच्या आधी एक चौकटीची खूण असते. खूण पुसली की ती भाषा चालू. वर्णानुक्रमाने आधी कन्नडची ओळ येते, आणि थोड्या अंतराने मराठीची. मी दोन्हींच्या खुणा पुसल्या. कळफलकासाठी इनस्क्रिप्ट ही पद्धत घेतली. सरकारी मानकातली ही पद्धत आपल्या मासिकाच्या दोन्ही विभागांच्या संपादकांना मी मुद्दाम सुचवीन, कारण तीत ज्या कळीने मराठीत 'क' उमटतो त्याच कळीने कन्नडमध्ये कन्नड 'क' उमटतो. बोटांना एकदा वळण लागले की लिपी बदलली तरी बोटे बदलावी लागत नाहीत.

नानांच्या नोंदी उघडल्या तेव्हा आकडे जसेच्या तसे होते. परंतु रकान्यांच्या वरची शीर्षके म्हणजे विचित्र रोमन अक्षरांचा चिवडा. ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली होती. त्या फॉन्टात मराठी अक्षर हे खरे अक्षर नसून इंग्रजी अक्षराला घातलेला मराठी मुखवटा असे. मुखवटा गेला की खालचे इंग्रजी उघडे पडते. आपल्या घराघरांत अशी किती पत्रे व हस्तलिखिते अडकून पडली असतील कोण जाणे. नानांची शीर्षके पाचच होती, ती नव्याने लिहिली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप सुरळीत चालू लागला. एक्सएफसीई नावाचे हलके डेस्कटॉप बसविले होते आणि ह्या जुन्या यंत्रावर ते चांगले पळत होते. मी नानांना बोलावले. त्यांनी चष्मा सारखा केला, पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहिले व विचारले, "ही वेळ कुठली?"

"भारताची, नाना."

"भारत म्हणजे कुठे?"

मला प्रश्न कळला नाही. नाना म्हणाले, "ही मिर्झापूरची वेळ. उज्जैनची दाखवेल का?"

येथे थोडे भूगोलात शिरले पाहिजे. भारतीय प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखावृत्तावरची असून ते रेखावृत्त उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. उज्जैन ७५ अंश ४६ कलांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, तेव्हा ग्रिनिचपासून उज्जैनची वेळ ५ तास ३ मिनिटे ४ सेकंदांनी पुढे, म्हणजे आपल्या प्रमाणवेळेच्या २६ मिनिटे ५६ सेकंद मागे. आणि उज्जैन हे काही असेतसे गाव नव्हे. सूर्यसिद्धान्तात जी मध्यरेषा मानली आहे ती लंकेपासून निघून अवंतीवरून, म्हणजे ह्याच उज्जैनवरून, कुरुक्षेत्राकडे जाते. ग्रिनिचला वेधशाळा होण्यापूर्वी कित्येक शतके आपले ज्योतिषी रेखांश उज्जैनपासून मोजीत. अशा गावात बसून मिर्झापूरची वेळ का म्हणून पाहावी, हा नानांचा मुद्दा.

पूर्वीच्या प्रणालीत ह्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे होते. तेथे यादीत भारतासाठी एकच ओळ होती आणि नवी ओळ जोडण्याची सोय नव्हती. येथे मी म्हटले, "पाहतो." आणि पाहू लागल्यावर जे दिसले त्यासाठीच मी हा लेख लिहीत आहे.

संगणकाला आत वेळ अशी कळतच नाही. लिनक्सचा गाभा फक्त सेकंद मोजतो: १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, एवढा एक आकडा. तो आकडा बेळगावात, उज्जैनला आणि टोकियोला एकाच क्षणी एकच असतो. त्याला 'दुपारचे सव्वाबारा' असा पोशाख चढवितात तो सगळ्यात शेवटी, आपल्याला दाखविताना. कोणता पोशाख चढवायचा हे एका सूचीवरून ठरते. ही सूची अमेरिकेतले आर्थर डेव्हिड ओल्सन ह्यांनी १९८० च्या दशकात गोळा करण्यास आरंभ केला. पुढे पॉल एगर्ट ह्यांनी ती सांभाळली. ती कोणाच्याही मालकीची नाही. २०११ साली अमेरिकेतल्या एका ज्योतिषविषयक सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने जुन्या वेळांची माहिती आपल्या पुस्तकातली आहे म्हणून ह्या दोघांवर दावा लावला होता. पुढल्याच वर्षी तो मागे घेतला. आपल्या खिशातल्या बहुतेक मोबाईलांतही हीच सूची असते.

ह्या सूचीचे मूळ म्हणजे साधा मजकूर. कोणीही उघडून वाचावा. मी कोलकात्याची नोंद, जी साऱ्या भारताची म्हणून वापरतात, उघडली आणि नानांना वाचून दाखविली. कोलकात्याची स्थानिक वेळ ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद. मग १८५४ पासून हावड्याची. १८७० पासून मद्रासची, ५ तास २१ मिनिटे १० सेकंद. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ. दुसऱ्या महायुद्धात काही काळ एक तास पुढे सरकविलेली. सारा इतिहास सातआठ ओळींत. नाना म्हणाले, "मुंबई कुठे आहे?" मुंबई शहराने आपली वेगळी वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागची, १९५५ पर्यंत वापरात ठेवली होती. ती सूचीत स्वतंत्र नाही, कारण १९७० नंतर ज्या प्रदेशांची घड्याळे वेगळी चालली त्यांनाच वेगळी नोंद द्यावयाची असा त्या सूचीचा नियम आहे. म्हणजे १९५० साली मुंबईत मुंबई वेळेने लिहिलेली जन्मवेळ संगणकात तशीच घातली तर ३९ मिनिटांची गफलत होणार. नानांना ह्याचा फार आनंद झाला. चूक सापडली की जुन्या शिक्षकांना होतो तसला.

मग मी एक नवी फाईल केली. तीत एकच ओळ: क्षेत्राचे नाव 'एशिया/उज्जैन', फरक ५:०३:०४, आणि वेळेच्या नावाची तीन अक्षरे. ती 'झिक' नावाच्या प्रोग्रॅमला दिली. त्याने तिचे यंत्राला समजेल असे रूप करून सूचीत ठेविले. झाले. साऱ्या यंत्राची वेळ मात्र मी बदलली नाही. ई-मेलच्या मथळ्यात फरक तास आणि मिनिटांतच लिहितात, तेथे चार सेकंदांना जागा नाही. पट्टीवर प्रमाणवेळेच्या शेजारी दुसरे घड्याळ ठेविले. रात्रीचे ८ वाजून १० मिनिटे झाली होती, त्याने ७ वाजून ४३ दाखविले. नाना बराच वेळ दोन्ही घड्याळांकडे पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला अंगणात उभे केले. उज्जैनच्या वेळेने बारा वाजायला सोळा मिनिटे कमी असतानाच सावली रेघेवर आली. मी चपापलो. नाना हसून म्हणाले, "सूर्य तुझ्या घड्याळाचा नोकर आहे का?"

घड्याळ ज्याची वेळ दाखविते तो सूर्य काल्पनिक, वर्षभर एकाच गतीने चालणारा. आकाशातला सूर्य तसा नसतो, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि तिचा आस कललेला आहे. नोव्हेंबरच्या आरंभी खरा सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटांहून अधिक पुढे असतो. फेब्रुवारीच्या मध्यास चौदा मिनिटे मागे. म्हणून उज्जैनचा मध्याह्न आपल्या प्रमाणवेळेने ३ नोव्हेंबरला १२ वाजून साडेदहा मिनिटांनी होतो, तर ११ फेब्रुवारीला १२ वाजून ४१ मिनिटांनी. अर्ध्या तासाचा फेर! हा फरक काढण्याचे एक सोपे स्थूल सूत्र आहे: वर्षातल्या दिवसाच्या क्रमांकातून ८१ वजा करून उरलेल्यास ३६० ने गुणून ३६४ ने भागावे, म्हणजे एक कोन येतो. त्याच्या दुपटीच्या ज्येला ९.८७ ने गुणावे. त्यातून कोनाची कोज्या ७.५३ पट व ज्या १.५ पट वजा करावी. उत्तर मिनिटांत येते. एक्सएफसीईच्या पट्टीवर आपण दिलेली कोणतीही आज्ञा चालवून तिचे उत्तर दाखविणारी एक खिडकी ठेवता येते. ते सूत्र मी दहा-बारा ओळींत लिहून तेथे बसविले. आता तीन घड्याळे झाली: भारताचे, उज्जैनच्या मध्यम सूर्याचे, उज्जैनच्या खऱ्या सूर्याचे.

खरे-खोटे करायला आम्ही वेधशाळेत गेलो. जयपूरच्या सवाई जयसिंगाने माळव्याचा सुभेदार असताना अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही बांधली. धातूची यंत्रे लहान असतात, झिजतात व डळमळतात म्हणून त्याने ती चुन्यादगडात, मोठ्या मापाने उभारली. पुढे ती पडीक झाली. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करविला. पहिले अधीक्षक म्हणून नेमले ते गोविंद सदाशिव आपटे, आपले मराठी ज्योतिर्विद. हल्ली आवारात २०२४ साली उभारलेला एक उंच मनोराही आहे. त्यावरचे विजेचे घड्याळ सूर्योदय ते सूर्योदय असे तीस मुहूर्तांचे आहे. माणसे त्याची छायाचित्रे घेतात. नाना तिकडे न पाहता सरळ सम्राट यंत्राकडे गेले.

सम्राट यंत्र म्हणजे एक त्रिकोणी भिंत. तिची तिरपी कड पृथ्वीच्या आसाला समांतर असते. म्हणजे जमिनीशी तिचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका, उज्जैनला सुमारे २३ अंश ११ कला. दिल्लीच्या भिंतीची नक्कल येथे चालली नसती; जयसिंगाला प्रत्येक गावी भिंत त्या गावापुरती बांधावी लागली. दोन्ही बाजूंना वर्तुळाचे कमानदार भाग असून त्यांवर तास व मिनिटे कोरली आहेत. भिंतीची सावली त्यांवरून तासाला पंधरा अंश अशी समान सरकते. जवळच नाडीवलय यंत्र आहे; सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस गेलेला असल्याने त्याचे दक्षिणेकडचे तोंड उन्हात व उत्तरेकडचे सावलीत होते.

लॅपटॉपची बॅटरी पाव तासही टिकत नाही, म्हणून मी त्या दिवसाच्या वेळा कागदावर उतरवून नेल्या होत्या. सावली वाचायची, मोबाईलमधली वेळ पाहायची, कागदाशी ताळा घ्यायचा. तीन वेळा घेतला. तिन्ही वेळा फरक एका मिनिटाच्या आत आला. ह्याहून बारीक मला वाचता आले नाही, कारण सावलीची कड धूसर असते. सूर्य हा बिंदू नसून अर्धा अंश रुंद तबकडी आहे, आणि अर्धा अंश म्हणजे वेळेची दोन मिनिटे. त्या धूसर पट्ट्याचा मध्य नजरेने धरावा लागतो. नाना तो माझ्यापेक्षा चटकन धरीत.

आता मुख्य गोष्ट. घरी आल्यावर मला सुचले की, नानांच्या बारा वर्षांच्या नोंदी सूत्राशी ताडून पाहाव्यात. प्रत्येक दिवसाचा गणिती मध्याह्न काढला, नानांनी टिपलेली वेळ त्यातून वजा केली आणि आलेल्या फरकाचा आलेख काढला. पहिली आठ वर्षे आलेख जवळजवळ सपाट होता. अर्ध्यापाऊण मिनिटाचा थरथराट, तोही दोन्ही बाजूंना सारखाच. ह्याचा अर्थ अंगणातली रेघ अचूक उत्तर-दक्षिण आहे आणि नानांची नजर पक्की आहे. परंतु २०२१ पासून आलेख करवतीसारखा झाला. हळूहळू चढत दोनअडीच मिनिटांपर्यंत जायचा, एकदम खाली यायचा, पुन्हा चढायचा.

सूर्य असा वागत नाही. म्हणजे घड्याळ. नाना वेळ लॅपटॉपवरचीच टिपीत, आणि त्याला त्यांनी इंटरनेट कधी जोडलेच नव्हते. यंत्र बंद असताना वेळ राखणारे एक स्फटिकाचे घड्याळ आत असते. त्याला गोट्यांच्या बटणाएवढी बॅटरी लागते. ते रोज सेकंददोन सेकंद मागे पडत होते. मी विचारले, "नाना, २०२१ साली काय झाले?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रेडिओ बिघडला." आठ वर्षे ते दररोज आकाशवाणीच्या ठोक्यांवर लॅपटॉपचे घड्याळ लावीत. रेडिओ बिघडल्यावर, यंत्रातली वेळ बरोबरच असेल असे धरून चालले. फारच फरक दिसला की मुलाचा मोबाईल पाहून सारखे करीत.

त्यांचा चेहरा उतरला. चार वर्षे रोज उन्हात उभे राहून टिपलेले आकडे चुकीचे ठरत होते. पेनड्राइव्ह पुसल्याची माझी गोष्ट मी त्यांना त्याच वेळी सांगितली. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. ते ऐकून ते म्हणाले, "मग दोघेही सारखेच." थोड्या वेळाने त्यांनी आलेख पुन्हा मागितला आणि बोट ठेवून म्हणाले, "अरे, चूक सावलीत नाही ना? मग सावलीवरून घड्याळाची चूक निघाली." आणि ते खरेच होते. आलेखाच्या चढावरून यंत्रातले घड्याळ दररोज किती मागे पडते ते मोजता येत होते. तितके जोडले की चार वर्षांच्या नोंदी पुन्हा पहिल्या आठांच्या रांगेत येऊन बसल्या. नवी प्रणाली तर स्फटिकाच्या घड्याळाची रोजची तूट एका फाईलीत लिहून ठेवण्याची सोय देते. त्या फाईलीतला आकडा आणि आलेखावरून काढलेला आकडा जवळजवळ जुळले. नानांनी तो वहीत लाल शाईने लिहिला व खाली तारीख टाकली. बॅटरी दुसऱ्या दिवशी बदलली.

आर्च प्रणाली सर्वांनी घ्यावी असे मी म्हणणार नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच घेऊ नये. तिच्यात बदल सतत येत राहतात आणि एखाद्या सकाळी काहीतरी अडते. तेव्हा दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. मावशीच्या संगणकावर मी ती बसविली नाही, आणि मागितली तरी बसविणार नाही. ज्यांना फक्त लिहा-वाचायचे आहे त्यांनी वाढलेले ताट घ्यावे; मुक्त प्रणालींत तशी ताटेही पुष्कळ आहेत. पण 'ही वेळ कुठली?' असे विचारणारा एखादा म्हातारा घरात असेल तर गोष्ट वेगळी.

बेळगावला परतल्यावर मी ती एका ओळीची फाईल पुन्हा उघडली. आपले गाव ७४½ अंशांवर, म्हणजे फरक ४:५८:००, प्रमाणवेळेच्या ३२ मिनिटे मागे. कन्नड विभागात लिहिणारा माझा एक मित्र व मी, दोघांनी मिळून वसतिगृहाच्या गच्चीवर एक सळई उभी केली आहे. उत्तरेची रेघ अजून नीट बसलेली नाही. रेघ आखण्यासाठी सळईभोवती वर्तुळ काढून सकाळ-संध्याकाळ सावलीचे टोक ज्या दोन जागी त्याला शिवते ते बिंदू घ्यावे लागतात, आणि संध्याकाळी नेमके पाण्याच्या टाकीची सावली मध्ये येते. नानांना फोनवर सांगितले तर ते म्हणाले, "वर्तुळ लहान काढा." ह्या रविवारी ते करून पाहणार आहोत.